केवळ ग्राहकांसाठी

मी रागावलो आहे. स्टूलला राग येतो हे तुम्हाला पटणार नाही. पण माझ्यावर बसून माणसं जे जे बोलली ते तुम्ही ऐकलं असतंत, तर तुम्हालाही आला असता.

मी पनवेलच्या एका तीन मजली डिपार्टमेंट स्टोअरमधलं गोल गादीचं स्टूल. पहिल्या मजल्यावर, बायकांच्या विभागात माझी जागा आहे. एका बाजूला सँडलची फळी, दुसऱ्या बाजूला स्कार्फ, झुमके, केसांच्या क्लिपा आणि खांद्याला लावायच्या छोट्या पर्स. मध्ये मी.

माझा जन्म कळंबोलीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. कृष्णकांत नावाच्या साठीच्या सुतारकाकांनी मला घडवलं. ते प्रत्येक स्टूल तयार झालं की त्यावर बसून एक कप चहा प्यायचे. चहा संपेपर्यंत स्टूल कुरकुरलं नाही तरच ते टेम्पोत चढायचं. माझ्यावर बसून त्यांनी "हुश्श" केलं, तेव्हा मला वाटलं, किती सोपं काम आहे आपलं! दमलेलं माणूस येणार, बसणार, हुश्श करणार, उठून जाणार. यात भांडणासारखं काय आहे?

दुकानात आलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की दमण्याचेही दोन प्रकार असतात. एक चालणारं, एक न चालणारं.

आमच्या दुकानात वसंत जानेवारीच्या शेवटी खोक्यांतून येतो. बाहेर पनवेलचं ऊन तापायला लागलेलं असतं, रिक्षावाले डोक्याला रुमाल बांधतात, आणि आत एसीमध्ये आमच्या मजल्यावर फुलंच फुलं. फिकट जांभळ्या कुर्त्या, बारीक फुलांचे लांब ड्रेस, पिस्ता रंगाच्या ओढण्या, कापडी फुलं लावलेल्या टोप्या. 'स्प्रिंग कलेक्शन' असा मोठा बोर्ड लागतो. त्या वर्षी माझ्या गादीलाही पिवळं, फुलाफुलांचं कव्हर शिवून घातलं होतं.

शशिकला पहिल्यांदा भेटली ती कव्हर ओढून सरळ करताना. जवळच्या आपटा गावची बाई, वय शेहेचाळीस, या दुकानात नऊ वर्षं झालेली. रोज सकाळच्या एसटीने पनवेलला यायची. माझ्यावर हात फिरवून ती शेजारच्या मुलीला म्हणाली, "आमच्याकडं पळस फुलला का समजतं. इथं बोर्ड लावायला लागतो."

ती मुलगी म्हणजे शाजिया. पनवेलचीच, सव्वीस वर्षांची. नवरा राहिल मस्कतला नोकरीला. शाजिया हसली की तिच्या हातातल्या झुमक्यांच्या पट्ट्याही हलायच्या. तिला चौथा महिना लागला होता. दुकानाच्या ढगळ कुर्त्यात ते सहज दिसत नव्हतं, पण बसण्याउठण्यातून मला कळायचंच.

शशिकलेची बोली आपट्याची. गिऱ्हाइकाला "हाय मॅम, वेलकम" म्हणायचं, असा दुकानाचा नियम. ती म्हणायची, "आमचं 'हाय' म्हंजे 'आहे', ह्यांचं 'हाय' वायलं. नऊ वर्षं झाली, जीभ अजून अडकते." पण माल दाखवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सावळ्या मुलीच्या खांद्यावर ती बरोबर तो मोहरीच्या फुलासारखा पिवळा स्कार्फ टाकायची, आणि आरशात बघून त्या मुलीचा चेहरा उजळायचा. जाड बायका आल्या की इतर जणी फक्त मोठा साइज आणून द्यायच्या. शशिकला म्हणायची, "ताई, हा घ्या. ह्याला खिसे हायेत." आणि ती बाई खिशात हात घालून आरशासमोर उभी राहायची, राणीसारखी.

या सगळ्या बायका उभ्याने काम करायच्या. सकाळी दहाला उभ्या राहायच्या. दुपारी जेवणाचा अर्धा तास सोडला, तर रात्री दुकान बंद होईपर्यंत उभ्याच. माझ्यावर बसायची ती गिऱ्हाइकं. वीस मिनिटं फिरून आलेली बाई धप्पकन माझ्यावर आदळायची, "बाई गं, पायाचे तुकडे पडले" म्हणायची आणि पाय पुढे करायची. मग शशिकला तिच्यापुढे जमिनीवर उकिडवी बसून सँडलचा पट्टा लावायची. दिवसातून पन्नास वेळा उकिडवं बसायचं आणि उठायचं. त्याला कुणाची हरकत नव्हती. गुडघे मोडून जमिनीवर बसलेलं चालत होतं. वर, माझ्यावर बसलेलं मात्र चालत नव्हतं!

तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा गाठी मारल्यासारख्या फुगलेल्या होत्या. सलवारीच्या आत ती घट्ट मोजे घालायची. मला ते माहीत आहे, कारण दुपारी तीन-चारच्या सुमारास मजला रिकामा असायचा तेव्हा या बायका पाळीपाळीने दहा-दहा मिनिटं माझ्यावर टेकायच्या. जुन्या मॅनेजरबाई बघून न बघितल्यासारखं करायच्या. ती पाळी शशिकलेने लावून दिली होती आणि स्वतःची शेवटी ठेवली होती. तिचं ओझं माझ्यावर आलं की मला माझ्या जन्माचा अर्थ कळायचा.

मग त्या बाई बदलून गेल्या आणि त्यांच्या जागी सत्यजीत आला. तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, हातात सतत फोन.

तो आल्यावर आठ दिवसांत एक गिऱ्हाईक आलं. खांदा कॉलनीच्या रुचिरा मॅडम. कुठल्याशा ऑफिसात मोठ्या पदावर. त्या आल्या तेव्हा शशिकला माझ्यावर बसून टाचेला चिकटपट्टी लावत होती. टाच सोलली होती, रक्त येत होतं. मॅडमना बघून ती पट्टी अर्धवट सोडून उठली. मी तिथेच होतो. अर्धा मिनिटही झालं नसेल. पण संध्याकाळी मॅडमनी घरी जाऊन इंटरनेटवर दुकानाच्या नावाखाली लिहिलं, "कलेक्शन छान, पण दहा मिनिटं ताटकळले. सेल्सवुमन आरामात बसून होत्या." आणि दोनच चांदण्या दिल्या.

आरामात! तो शब्द ऐकला तेव्हा माझ्या गादीतला काथ्या पेटला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सत्यजीतने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आजपासून फ्लोअरवर कुणीही बसायचं नाही. कॅमेऱ्यात दिसलं तर मेमो. आणि स्प्रिंगमध्ये एनर्जी दिसली पाहिजे. स्टाफने आपल्याच कलेक्शनच्या सँडल घालायच्या. कस्टमर तुमच्या पायांकडे बघूनच घेतो."

त्या सँडल दोन इंच टाचेच्या होत्या.

"सर, आमचे पाय सुजतात," शशिकला म्हणाली. "शाजियाला तर दिवस हायेत."

"मग तिने लीव्ह घ्यावी ना."

शाजिया एजन्सीमार्फत लागलेली होती. रजा घेतली की परत बोलावतील याचा भरवसा नाही, हे सत्यजीतलाही माहीत होतं. ती मान खाली घालून म्हणाली, "चालेल सर. घालीन मी."

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. हाच सत्यजीत दुपारी बायका जेवायला गेल्या की माझ्यावर येऊन बसायचा. पाय लांब करून, फोनवर क्रिकेट बघत. त्याचे बूट मऊ होते, कापडी. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या फोनवरही वरून सारखे मेसेज यायचे, ते आले की तो क्रिकेट बंद करून ताठ बसायचा. पण ज्याला बसावंसं वाटतं त्याला दुसऱ्याचं बसावंसं वाटणं कळू नये, याची मला चीड आहे. आजही आहे.

त्या वर्षी पाडवा आणि ईद एका दिवसाच्या अंतराने आले. आदल्या शनिवारी मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एकीकडे पाडव्याला नेसायच्या साडीवर शोभेल अशी पर्स शोधणाऱ्या बायका, दुसरीकडे ईदच्या ड्रेसवर झुमके लावून बघणाऱ्या मुली. सगळ्यांना सगळं आत्ता हवं होतं. शाजिया सकाळपासून स्कार्फच्या स्टँडपाशी होती. चारच्या सुमारास तिने शशिकलेकडे बघितलं.

"मावशी, अल्ला कसम, पाय फुटतील असं वाटतंय. डोळ्यांपुढे काळं येतंय."

"बस तू. बस आधी. मी बघते."

शाजिया माझ्यावर बसली. मी आयुष्यात इतकी दमलेली माणसं कमी पेलली आहेत. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. तिच्या पोटातून कुणीतरी माझ्या गादीवर हलकेच ढुशी दिल्यासारखं मला वाटलं. कदाचित भास असेल.

दोन मिनिटं झाली नाहीत तोवर सत्यजीत धावत आला. कॅमेऱ्यात दिसलं होतं.

"उठा. उठा, उठा! आजच्या दिवशी? समोर कस्टमर उभा आहे!"

"सर, पाचच मिनिटं."

"घरी जाऊन बसा मग. कायमच्या."

शाजिया उठली. सत्यजीतने मला गादीला धरून उचललं, ट्रायल रूमच्या मागच्या बोळात नेलं आणि रिकाम्या खोक्यांवर आपटलं. पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं. आधी शाजियाचा आवाज, "मॅम, हा पिस्ता कलर..." मग वाक्य तुटलं. मग लोखंडी स्टँड फरशीवर कोसळल्याचा खणखणाट आणि शेकडो झुमके विखुरल्याचा आवाज. मग शशिकलेची किंकाळी.

मी तिथेच, मागच्या बोळात होतो. वीस पावलांवर. वीस पावलांवर मी रिकामा पडून होतो, आणि ती उभ्या उभ्या कोसळली होती.

नंतर कळलं, तिच्या कपाळाला खोक पडली होती. शशिकलेने स्टँडवरचीच एक ओढणी काढून तिच्या डोक्याला बांधली. कुणीतरी म्हणालं, "अहो, ती सेलची आहे." शशिकला काय म्हणाली ते मी इथे सांगणार नाही. रिक्षा आली, शाजियाला दवाखान्यात नेलं. तासाभराने फोन आला, बाळ ठीक आहे, पण आता बाळंतपणापर्यंत पडून राहायचं. मजल्यावरच्या बायका एकमेकींना धरून रडल्या आणि मग परत कामाला लागल्या. गर्दी होतीच ना. झुमके गोळा करायचे होते.

सहा वाजता सत्यजीत हातात छापील कागद घेऊन शशिकलेपाशी आला. ट्रायल रूमच्या दाराशीच दोघं उभी होती, म्हणून मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"अपघाताचा रिपोर्ट आहे. साक्षीदार म्हणून सही करा. फॉर्मॅलिटी आहे."

शशिकलेने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. "'सदर कर्मचारी रोज्याच्या उपवासामुळे अशक्त होती. तिने त्रासाबद्दल कोणालाही कल्पना दिली नाही. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे तोल जाऊन पडली.'" ती थांबली. "सर, कोणी लिवलं हे?"

"वरून ड्राफ्ट आलाय."

"तिनं रोजा धरला नव्हता. डॉक्टरनी नको सांगितलेला. दुपारी माझ्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खाल्ली तिनं. माझ्यासमोर."

"हो, पण ते कुठे लिहायचं? सही करा ना. तुमचं काही जात नाही."

"हे गेलं का तिची नोकरी गेली. वर तिच्या रोज्याचं नाव बद्दू झालं. आणि तिनं तुमाला सांगितलं नाय? पाच मिनिटं मागितली नाय तुमच्याकडं?"

"शशिकलाताई, तुम्हालाही नोकरी आहे. नऊ वर्षं झाली आहेत. विचार करा."

 मला वाटलं, ती सही करेल. तिची पोरगी नर्सिंगला होती, घर तिच्याच पगारावर होतं, हे तिने पाळीच्या दहा मिनिटांत कितीदा सांगितलं होतं. तिने सही केली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

शशिकला आत बोळात आली. पायातल्या त्या दोन इंचांच्या सँडल तिने काढल्या आणि भिंतीशी ठेवल्या. मग मला उचललं, मजल्याच्या अगदी मध्यभागी नेलं, 'स्प्रिंग कलेक्शन'च्या बोर्डाखाली ठेवलं आणि सगळ्या गर्दीसमोर, कॅमेऱ्याकडे तोंड करून माझ्यावर बसली. मांडीवर एक पर्स आडवी घेतली, त्यावर तो कागद उलटा ठेवला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली.

"काय करताय तुम्ही?" सत्यजीत दबक्या आवाजात ओरडला. "उठा!"

"खोटं उभ्या उभ्या लिवता येतं, सर. खरं लिवायला बसायला लागतं."

आजूबाजूच्या बायका थबकल्या. त्यांत रुचिरा मॅडमही होत्या. पाडव्याच्या खरेदीला दुपारपासून दुकानात होत्या, आता सँडल बघत होत्या. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "अहो, मला ट्राय करायचंय. बसायला द्या ना जरा."

"थांबा मॅडम," शशिकला मान वर न करता म्हणाली. "माझं लिवून होऊ द्या. तुमीच लिवलं होतं ना, मी आरामात बसते म्हणून? हा बघा आराम." तिने उघड्या पायाची टाच पुढे केली. जुनी जखम परत उलली होती.

मॅडमचा चेहरा पडला. "मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी काढून टाकते ते." शशिकलेने विचारलं, "मग खाली सही करता? तुमी दुकानात होतात, स्टँड पडला तेव्हा." मॅडम इकडेतिकडे बघायला लागल्या. "मी कशाला... मला यात पडायचं नाही हो." आणि त्या जिन्याने खाली गेल्या. त्यांनी लिहिलेलं अजून तिथेच आहे, मुली माझ्यावर बसून एकमेकींना वाचून दाखवतात. दोन चांदण्या.

शशिकलेने पूर्ण पानभर लिहिलं. किती वाजता शाजिया बसली, किती वाजता तिला उठवलं, तिने काय मागितलं, तिला काय उत्तर मिळालं, दुपारी तिने काय खाल्लं. खाली सही केली आणि उठली. म्हणाली, "आणखी कोणाला बसायचंय?"

 मग कुर्त्यांच्या विभागातली नीता आली. चाळिशीची, कामोठ्याहून येणारी, कधी कुणाच्या अध्यात-मध्यात नसणारी. ती माझ्यावर बसली, सही केली, उठली. मग तिसरी. मग चौथी. एक जण सही करताना इतकी रडत होती की तिच्या नावावर थेंब पडला. शशिकलेला धरून अकरा जणी एकामागोमाग एक माझ्यावर बसल्या. उभ्याने कुणीही सही केली नाही. गिऱ्हाइकं बघत होती, आणि सत्यजीत फोन कानाला लावून नुसता उभा होता.

तुम्हाला वाटेल, आता सगळं छान झालं असेल. नाही झालं.

तो छापील रिपोर्ट मात्र पुढे गेला नाही, हे खरं. अकरा सह्यांचा कागद एजन्सीकडे आणि दुकानाच्या मुख्य कचेरीत गेला. निष्काळजीपणाचा शब्द मागे घ्यावा लागला, शाजियाचं नाव यादीत राहिलं. तिला जुलैमध्ये मुलगी झाली. पण ती अजून कामावर आलेली नाही, आणि येईल असं मला वाटत नाही. शशिकलेला तळमजल्यावर पिशव्या जमा करण्याच्या काउंटरला टाकलं. तिथे ती आता लोकांच्या पिशव्या घेते आणि टोकन देते. स्कार्फ कुणाला शोभेल हे बघणारे ते डोळे आता नंबराचे बिल्ले बघतात. आणि तिथेही खुर्ची नाही.

मुख्य कचेरीने आमच्या मजल्यासाठी काय उत्तर पाठवलं, ठाऊक आहे? 'सर्वांना समान वागणूक मिळावी म्हणून फ्लोअरवरील सर्व स्टूल काढून घ्यावीत.' वा रे समानता! बायकांना बसू द्यावं लागू नये म्हणून बसण्याची जागाच काढून टाकली. मी तीन आठवडे पुन्हा खोक्यांवर पडलो.

मग सँडल घ्यायला आलेल्या आजीबाई, पोर कडेवर घेतलेल्या आया, सगळ्यांनी कुरकुर केली. विक्री घटली असावी. मला बाहेर काढलं. पण माझ्या कडेला एक स्टिकर चिकटवला. 'केवळ ग्राहकांसाठी'.

तो मी आजही अंगावर वागवतो आहे. शिवीसारखा.

आता पुन्हा वसंत आला आहे, खोक्यांतून. माझं कव्हर यंदा फिकट जांभळं आहे. टाचेच्या सँडलचा विषय मात्र कुणी परत काढला नाही. आणि दुपारी चार वाजता नीता सगळ्यांच्या देखत येते, त्या स्टिकरवरच पाय टेकवून माझ्यावर बसते, कॅमेऱ्याकडे बघत. दहा मिनिटांनी दुसरी येते. सत्यजीत बघतो आणि फोनमध्ये डोकं घालतो. वरून कुणी साहेब येणार असतील त्या दिवशी तेवढा येऊन म्हणतो, "आज नको हां, प्लीज." त्या दिवशीही नीता बसते.

तुम्ही येणारच आहात. पाडव्याला, ईदला, लग्नाला, उगाचच. या. फुलांचे ड्रेस घाला, झुमके लावून आरशात बघा, मला त्याचा आनंदच आहे. मी तुम्हाला नाही म्हणणार नाही, ते माझ्या हातात नाही. पण माझ्यावर टेकण्याआधी तुमच्यासमोर वाकलेल्या बाईकडे एकदा नीट बघा. ती सकाळी दहापासून तिथे आहे. तिला विचारा, "तुम्ही कधी बसलात?" आणि ती हसून "ठीक आहे मॅम" म्हणाली तर विश्वास ठेवू नका. तुम्ही उठा आणि तिला बसवा. कुणी काही बोललं तर तिथेच उभ्या राहा, तुमचं कोण काय करणार आहे? आणि घरी गेल्यावर लिहायचंच असेल, तर हे लिहा.

उभं राहायला मी आहे. माझे चार पाय आहेत, आणि ते लाकडाचे आहेत. तिला दोनच आहेत.